अंतरपाटावर 'मना'

संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणण्याआधी बायकोला विचारावं, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका बुधवारी दुपारी कळलं.

मी मुळात काळजी करणारा माणूस. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो. मग जिना उतरल्यावर वाटतं, ओढाओढीत ते उघडलं तर नसेल? म्हणून चौथ्यांदा वर जातो. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये आयुष्य काढलं. तिथे ही सवय गुण मानली जायची. निवृत्तीनंतर घरी तिला कोणी गुण म्हणत नाही.

माझी बायको सुनंदा. तिने दोन वर्षांपूर्वी भरतकामाचं एक जुनं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं आणि सिडकोतल्या आमच्या घराची मागची खोली तिच्या ताब्यात गेली. मशीनला वायरने एक लॅपटॉप जोडलेला. लॅपटॉपवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, की मशीनची सुई कापडावर तीच नक्षी टाके घालून काढते. फक्त संगणकाची भाषा मशीनला कळत नाही, म्हणून मध्ये दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. (हे नाव ठेवणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता. पुढचा निम्मा घोटाळा त्या नावामुळे झाला. उरलेला निम्मा माझ्यामुळे.)

शुक्रवारी चांदवडला सुनंदाच्या भाचीचं, मनालीचं लग्न होतं. मनालीने स्वतः फोन करून आत्याला सांगितलं होतं, "आत्या, अंतरपाट तूच करायचा. दुकानातला मला नकोय." सुनंदाने त्या दिवसापासून दुसरं काम हातात घेतलं नव्हतं. पिवळं रेशमी कापड, चारी बाजूंनी वेलबुट्टी, मधे स्वस्तिक आणि त्याखाली वीतभर उंचीच्या लाल अक्षरांत दोन ओळी. वर 'मनाली', खाली 'सिद्धेश'. बुधवारी दुपारपर्यंत वेल झाली होती, स्वस्तिक झालं होतं, आणि नाव सुरू झालं होतं.

तेवढ्यात लाल धागा संपत आला.

"मी मेन रोडला जाऊन रीळ घेऊन येते," सुनंदा चप्पल घालत म्हणाली. "मशीन चालू आहे. तुम्ही फक्त बसा."

"लक्ष ठेवतो ना."

"लक्ष नको. बसा. कशालाही हात लावू नका."

मी बसलो. सुई टकटकत होती. 'म' झाला. 'ना' झाला. आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. 'नवीन आवृत्ती तयार आहे. तुमचा संगणक सध्या पूर्णपणे सुरक्षित नाही.' खाली दोन बटणं. 'आत्ता' आणि 'नंतर'.

आता तुम्हीच सांगा. कुलूप चार वेळा बघणाऱ्या माणसाला तुम्ही म्हणता, सुरक्षित नाही. दोन दिवसांवर लग्न. उद्या काही व्हायरस-बियरस शिरला आणि अंतरपाट अडकला, तर? मी 'आत्ता' दाबलं. घरावर आलेलं संकट बायकोच्या माघारी परतवल्याचं एक समाधानसुद्धा वाटलं. ते साधारण चार सेकंद टिकलं.

मग पडदा काळा झाला. मशीनने एक दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि सुई हवेत थांबली. लॅपटॉपवर एक गोल फिरायला लागलं. ते फिरलं, फिरलं, चांगला पाऊण तास फिरलं. शेवटी नवा कोरा, निळाशार पडदा आला. 'स्वागत आहे!' वायर होती, मशीन होतं, दिवा लागत होता. पण मशीनच्या नावासमोर संगणकाने लिहिलं होतं, 'अनोळखी उपकरण'.

अनोळखी! दोन वर्षं एका टेबलावर शेजारी शेजारी बसलेत!

मी घाबरलो. आणि मी घाबरलो की कामाला लागतो, हाच माझा दोष. इंटरनेटवर शोधलं, तर 'हरवलेला ड्रायव्हर एका मिनिटात शोधा' असं लिहिलेलं एक हिरवं बटण सापडलं. दाबलं. त्याने एका मिनिटात चौदा ड्रायव्हर शोधले. त्यातला एकही मशीनचा नव्हता. पण प्रिंटर मात्र आपोआप चालू झाला आणि चिनी वाटतील अशा अक्षरांचे कागद बाहेर फेकायला लागला. त्याची वायर उपटली. मग कुठेतरी वाचलं की जुन्या आणि नव्या आवृत्तीत गोंधळ होतो. शोधलं तर 'ओल्ड' नावाचं एक भलंमोठं फोल्डर दिसलं. म्हटलं, हाच तो गोंधळ! पुसून टाकलं. संगणकाने विचारलं, 'नक्की?' म्हटलं, नक्की. (त्या फोल्डरमध्ये जुनी सिस्टीम जशीच्या तशी जपून ठेवलेली असते, आणि त्यामुळे एका बटणावर मागे जाता येतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता सांगायला हरकत नाही.)

तेवढ्यात आतून सासूबाई उठल्याची चाहूल लागली. त्या आठ दिवसांपासून आमच्याकडे होत्या. नातीच्या लग्नाला आमच्याबरोबरच जाणार होत्या. वय पंच्याऐंशी. बारीक अक्षर दिसत नाही, पण मोठं स्वच्छ वाचतात. आणि ही अक्षरं वीतभर होती. मी घाईघाईने कापड ताणून धरणाऱ्या फ्रेमचे स्क्रू सैल केले, अंतरपाट ओढून काढला आणि घडी घालायला लागलो. घडी घातली ती अशी, की नेमकी ती दोन अक्षरं वर आली.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. डोळे बारीक केले.

"म... ना. मना?"

"आई, ते अर्धं आहे."

"लग्नाला मना? कोणी लिवलं हे?"

"मशीनने. म्हणजे, पुढे 'ली' यायचं आहे."

"अंतरपाटावर मना!" त्या मटकन पलंगावर बसल्या. "माज्या नातीच्या लग्नाला मना!"

सुनंदा आली तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती, जावई प्रिंटरचे कागद गोळा करत होता आणि मशीन गप्प होतं. तिने रीळ टेबलावर ठेवलं.

"काय झालं?"

"लाइट गेली होती," मी म्हणालो. कसं सुचलं माहीत नाही.

"लाईट कुठं गेली?" सासूबाई नाक ओढत म्हणाल्या. "मी पंख्याखालीच झोपले व्हते."

"अगदी क्षणभर गेली. तुम्हाला कळली नसेल."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिने वायर काढली, लावली. लॅपटॉप बंद केला, चालू केला. 'अनोळखी उपकरण.' मग कपाटातून तिची वही काढली. त्यात एका पानावर लिहिलं होतं: 'ड्रायव्हर – कुलथे, ओझर, मारुती मंदिरामागे.' मशीन बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच बंद पडली होती. हा ड्रायव्हर कंपनीचा नव्हताच. ओझरच्या या कुलथे नावाच्या गृहस्थांनी घरी बसून स्वतः लिहिला होता, आणि या जातीची जेवढी मशीनं आपल्या भागात आहेत, ती सगळी त्यांच्याच जोरावर चालत होती. सुनंदाने नंबर लावला. वाजला. पुन्हा लावला. नऊ वेळा लावला. नऊ वेळा वाजला.

संध्याकाळी चांदवडहून मेहुण्याचा, म्हणजे नवरीच्या बापाचा, बाळासाहेबांचा फोन आला. सुनंदा स्वयंपाकघरात होती. मी उचलला.

"दाजी, अंतरपाट झाला का?"

"होतोय. एक बारीकशी अडचण आहे. ड्रायव्हर चालत नाहीये."

"आं? आजारी हाय का?"

"आजारी नाही हो, जुना आहे. नव्याशी त्याचं जमेना."

"मग जुनंच बघा ना."

"जुनंच तर हवंय! पण जुनं काही ठेवलं नाही. आणि ज्यांच्याकडे असेल ते फोन उचलत नाहीत."

"हात्तिच्या! एवढंच ना? दाजी, अजाबात टेन्शन घेऊ नका. सकाळी सातला जुना ड्रायव्हर तुमच्या दारात उभा करतो."

"तुमच्याकडे आहे?" माझा विश्वास बसेना.

"हाय म्हंजे? वीस वर्सं हाय! लय भरवशाचा."

मला वाटलं, त्यांच्या मुलाने कुठल्यातरी पेन ड्राइव्हवर ठेवला असेल. हल्ली शेतकऱ्यांच्या घरात काय नसतं! मी सुनंदाला सांगितलं, सकाळी ड्रायव्हर येतोय. तिला पटलं नाही. मी मात्र त्या आशेवर झोपलो. (झोपलो म्हणजे, दर तासाला उठून मशीनवर टॉवेल नीट झाकला आहे का ते बघितलं.)

गुरुवारी सकाळी बरोबर सातला बेल वाजली. दारात सफेद टोपी, सफेद सदरा, पासष्टीचे एक गृहस्थ, हातात जीपची किल्ली.

"रामराम. बाळासायबांनी पाठवलंय. मी नामदेव. ड्रायव्हर."

मी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. हेच होते.

"कुठं जायचंय?" नामदेवतात्यांनी विचारलं. "सायेब म्हनले, नव्या ड्रायव्हरचं अन् तुमचं जमंना. काय दारू-बिरू पेत व्हता का?"

सुनंदा हसली नाही. मला तिथल्या तिथे दाराच्या फटीत शिरावंसं वाटलं. मी तात्यांना दहा मिनिटं समजावलं. ड्रायव्हर म्हणजे तसा ड्रायव्हर नव्हे, हा संगणकातला. तात्या सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मला कम्पुटरसाटी आनलं? आवो, मला मोबाईल लावाया पोरगी लागती!"

त्याच वेळी फोन वाजला. बाळासाहेब.

"दाजी, पोचला का नामदेव? आता लगेच सोडा त्याला. सिद्धेशच्या दोन आत्या मनमाड स्टेशनावर उतरल्यात, त्यांला आनायला तोच जाणार व्हता. मी म्हनलं, दाजींची अडचण मोठी, आधी तिकडं जा."

मनमाड एकीकडे, नाशिक दुसरीकडे. नवरदेवाच्या आत्या स्टेशनवर बाकावर बसलेल्या, आणि त्यांची जीप सिडकोत माझ्या दारात! मी ड्रायव्हरचा खुलासा करायला तोंड उघडलं, पण बाळासाहेबांचा आवाज ऐकून धीर झाला नाही. म्हणालो, "वेळ लागेल थोडा." तिकडून एक शिवी आली. ती मला नव्हती, असं मी मानून चाललो आहे.

तोवर सुनंदाने निर्णय घेतला होता.

"जीप आलीच आहे तर उचला सगळं. मशीन, लॅपटॉप, कापड, बॅगा. ओझर वाटेवरच आहे. कुलथ्यांकडे जाऊ, झालं तर झालं, नाहीतर तसेच पुढे चांदवडला. संध्याकाळी हळद आहे."

"आणि आई?"

"आईला काय इथे कुलूप लावून ठेवायचंय?"

मशीन मी आणि नामदेवतात्यांनी गादीत गुंडाळून जीपमध्ये मागे ठेवलं. त्याच्या शेजारी सासूबाई, मांडीवर अंतरपाट. सगळ्या महामार्गभर त्यांनी घडीखाली हात घालून 'मना' झाकून धरलं होतं. आडगाव गेलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाळ्याला सांगू नका बरं, काय लिवलंय ते." मला भरून आलं. पंच्याऐंशी वर्षांची बाई माझं पाप पदराखाली झाकून बसली होती, आणि तिला ते कोणाचं आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.

ओझरला मारुती मंदिरामागे कुलथे लगेच सापडले. पत्र्याच्या शेडमध्ये बनियनवर बसलेले, सत्तरीचे, जाड चष्मा. शेडमध्ये भिंतीला लागून सात-आठ जुनाट संगणक, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून त्यातल्या आवृत्तीचं नाव लिहिलेलं. टेबलावर मोबाईल होता. तो वाजत होता. कुलथे त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"तुम्ही फोन उचलत नाही," मी म्हणालो.

"नवीन आवृत्ती आली की आठ दिवस उचलत नाही. सगळे एकाच गोष्टीसाठी फोन करतात." त्यांनी जीपमधल्या गादीकडे पाहिलं. "तुम्ही मशीनच घेऊन आलात! असं आजवर कोणी केलं नव्हतं."

सुनंदाने सगळं सांगितलं. लग्न उद्या, हळद आज, नाव अर्धं. कुलथ्यांनी लॅपटॉप उघडला आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "कधी झालं? कसं झालं?"

"काल दुपारी. आपोआप," मी म्हणालो.

"आपोआप?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपोआप होत नाही. दोन बटणं येतात. 'आत्ता' आणि 'नंतर'. तुम्ही कुठलं दाबलं?"

 बाहेर नामदेवतात्या जीपची काच पुसत होते, त्याचा आवाज येत होता.

"आत्ता," मी म्हणालो.

 सुनंदाने नुसती ओढणीची पिन काढली आणि परत लावली. तिच्या न बोलण्याची मला जेवढी भीती वाटते, तेवढी तिच्या बोलण्याची वाटत नाही.

"बरं, मागे जाऊ," कुलथे म्हणाले. "जुनी सिस्टीम काही दिवस 'ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये..." ते थांबले. शोधायला लागले. "कुठे गेलं?"

मी मारुती मंदिराच्या कळसाकडे बघत होतो.

"पुसलं?"

"गोंधळ होतोय असं वाटलं म्हणून..."

कुलथ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. सुनंदाकडे वळून म्हणाले, "ताई, मशीन तेच, सुई तीच, वायर तीच. पण दर थोड्या दिवसांनी हे सिस्टीमवाले घराचं दार बदलतात आणि मला म्हणतात, तुझी किल्ली चुकीची. मी नवी किल्ली घासतो. ती होते न होते तोच पुन्हा दार बदललेलं. यंत्र बनवणारे गेले, विकणारे गेले. किल्ल्या घासायला मी एकटा राहिलो. या खेपेला ठरवलं होतं, बास. अर्धा ड्रायव्हर लिहून सोडून दिला." त्यांनी अंतरपाटाकडे पाहिलं, सासूबाईंचा हात अजून त्या अक्षरांवर होता. "काय लिहिलंय तिथे?"

सासूबाईंनी हात बाजूला घेतला.

कुलथ्यांनी वाचलं. मग उठून सदरा घातला (बहुधा कामाचं गांभीर्य म्हणून) आणि बसले. "उरलेला लिहितो. चाचणीसाठी एखादा टाकाऊ कपडा द्या."

मी माझा रुमाल दिला.

पहिल्या प्रयत्नात मशीनने 'सिद्धेश' उलटा काढला, आरशात दिसतो तसा. दुसऱ्या प्रयत्नात सुईने रुमालाच्या एकाच जागी चाळीसेक वेळा भोसकलं आणि आरपार भोक पाडलं. तिसऱ्यांदा संगणक म्हणाला, या ड्रायव्हरवर मान्यतेची सही नाही, मी याला आत घेणार नाही. "बघा!" कुलथे मला म्हणाले. "माझ्याच हातचा ड्रायव्हर, आणि परदेशातून सही आणा म्हणतो!" नामदेवतात्या दारातून म्हणाले, "माझं लायसन चालंल का?" कोणीही हसलं नाही, पण मला ते त्या दिवशीचं एकमेव सहानुभूतीचं वाक्य वाटलं.

दरम्यान बाळासाहेबांचे फोन येतच होते. एक, मनमाडच्या आत्यांना शेवटी त्यांनी स्वतः शेजाऱ्याच्या कांद्याच्या टेम्पोतून आणलं. दोन, त्यातल्या थोरल्या आत्या आता सगळ्यांना विचारत होत्या की नवरीच्या घरी गाडी नाही का. तीन, अंतरपाटाचं काय. तिसऱ्या प्रश्नाला मी दर वेळी "होतोय" म्हणालो. त्या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता तरी त्या दिवशी कायमचा संपला.

कुलथ्यांनी सही न मागण्याचं एक चोरदार उघडलं, संगणक दोनदा बंद करून चालू केला. मशीनच्या नावासमोरचं 'अनोळखी' गेलं. रुमालाच्या उरलेल्या कोपऱ्यात सुई चालायला लागली. 'सि', मग 'द्धे', मग 'श'. सरळ, स्वच्छ. कुलथे खुर्चीत मागे रेलले. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

"आता अंतरपाट," कुलथे म्हणाले. "काल थांबलं होतं त्याच टाक्यापासून पुढे चालवता येईल. फ्रेम तशीच आहे ना?"

सुनंदाने फ्रेम पाहिली. रिकामी. मग कापड पाहिलं. मग मला.

"फ्रेममधून कापड कोणी काढलं?"

मी तिच्यापासून एक खुर्ची लांब सरकलो. "आईंनी बघू नये म्हणून..."

"मी तर बगितलंच!" सासूबाई म्हणाल्या.

कुलथ्यांनी हात जोडले. एकदा कापड फ्रेममधून निघालं, की ते पुन्हा केसभरही न हलता त्याच जागी बसवता येत नाही. 'ली' कुठेतरी वर जाणार नाहीतर खाली. सगळी अक्षरं उसवायची, तर रेशमाला भोकं राहणार. दुपारचे दोन वाजले होते. मी ठरवलं की आता चांदवडला जाऊन बाळासाहेबांच्या पायावर डोकं ठेवायचं.

सुनंदा उठली. पिशवीतून सुई काढली, लाल धागा ओवला आणि शेडच्या पायरीवर उजेडात जाऊन बसली.

"'ली' मी हाताने भरते. 'सिद्धेश' खाली नवीन फ्रेम लावून मशीनवर घ्या. कुलथेकाका, तुम्ही बघाल ना?"

"बघतो, ताई."

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही बसा."

या वेळी मी खरंच बसलो. तिच्या शेजारी पायरीवर, हात मांडीखाली दाबून. ती टाका घालायची, दोरा ओढायची, मान वाकडी करून बघायची. तिचे हात मी बारा महिने बघतो, पण ते इतक्या जवळून चालताना किती वर्षांत पाहिले नव्हते. मधेच ती खाली बघतच म्हणाली, "लाइट गेली म्हणालात. मी तुम्हाला मारलं असतं का?"

"नाही."

"मग?"

"तुझा चेहरा पडला असता. ते बघवलं नसतं मला."

"मग आता पडला नाही का?"

मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, कात्री द्या. मी दिली. धारेची बाजू तिच्याकडे करून दिली, म्हणून आणखी एकदा चुकलो.

चार वाजता वरचा 'ली' पुरा झाला, साडेचारला खालचा 'सिद्धेश'. कुलथ्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "एवढी तंगडतोड करून मशीन आणलंत, आता लग्नाला तरी बोलवा." सुनंदाने हात जोडून नमस्कार केला आणि बोलावलं. हळद सुरू व्हायच्या आधी अर्धा तास आम्ही चांदवडला पोचलो. बाळासाहेबांनी मला मिठी मारली आणि विचारलं, "मग, नामदेव कामाला आला ना?" नामदेवतात्या माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "त्यांच्याशिवाय काही झालंच नसतं." आणि हे त्या दोन दिवसांत मी बोललेलं पहिलं खरं वाक्य होतं.

शुक्रवारी मुहूर्तावर अंतरपाट धरला गेला. मी तिसऱ्या रांगेत उभा, अक्षतांची मूठ इतकी घट्ट आवळलेली की तांदूळ घामाने चिकटून लाडू झाला. मांडवात सगळे नवरा-नवरीकडे बघत होते. अंतरपाटाकडे बघणारे दोघेच, एक मी आणि दुसरे कुलथे, जे इस्त्रीचा सदरा घालून थेट पुढे गेले होते आणि चष्मा कपाळावर करून आपल्या 'सिद्धेश'चे टाके मोजत होते. गुरुजींनी त्यांना दोनदा मागे सरायला सांगितलं. अंतरपाट खाली आला, मनाली हसली, माझा लाडू नेमका थोरल्या आत्यांच्या डोक्यात बसला.

जेवताना त्या थोरल्या आत्यांनी अंतरपाट मागवून घेतला, हात फिरवला आणि सुनंदाला म्हणाल्या, "बाकी सगळं चांगलंच आहे गं, पण हा 'ली' काय सुरेख आलाय! हा कुठल्या मशीनवर केलास?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आम्ही नाशिकला परत आल्यावर कुलथे एकदा घरी येऊन गेले. लॅपटॉपचं इंटरनेट कायमचं तोडलं, अपडेटचा दरवाजा बंद केला आणि सुनंदाच्या नावाने एक मालकाचं खातं उघडलं, पासवर्ड फक्त तिला. मग माझ्याकडे बघून थोडा विचार केला आणि दुसरं एक खातं उघडलं. त्याचं नाव 'पाहुणे'. त्यात पत्ते खेळता येतात आणि फोटो बघता येतात. बाकी काहीही करायला गेलं, की पडदा सांगतो, मालकाची परवानगी घ्या.

परवा बघतो तर लॅपटॉपचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. मला राहवेना. आत हाक मारली, "अगं, घड्याळ पुढे गेलंय. नीट करू का?"

"राहू द्या," सुनंदा आतून म्हणाली. "पाहुण्यांनी कामं करायची नसतात."

मी म्हटलं, वा! म्हणजे मान मिळतोय. मांडी घालून बसलो आणि ऐटीत म्हणालो, "मग पाहुण्यांना चहा मिळेल का?"

"मिळेल की. गॅसला परवानगी लागत नाही. माझाही टाका."